मचाणावर चढायला बोल्टच्या पायऱ्या: भोक पाडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगनमध्ये एका ओळखीच्या शेतकऱ्याने त्याच्या 40 एकरांच्या रानात तुम्हाला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायची परवानगी दिली आहे. झाडाला पट्ट्यांनी बांधायच्या शिड्या महाग आहेत, थंडीत त्या धातूचा खणखणाट होतो, आणि दर वेळी बांधा-सोडा करण्यात पहाटेचा अर्धा तास जातो. म्हणून शेताच्या कडेच्या एका जुन्या, भल्याथोरल्या ओकमध्ये भोकं पाडून, त्यात बोल्ट सरकवून त्यांच्या पायऱ्या करायच्या असा विचार आहे. बोल्ट कोणता घ्यावा, भोक केवढं पाडावं, आणि झाड मरेल का, हे तुम्ही विचारलंत.

मी एकोणीस हंगाम मिशिगनमध्ये शिकार करतोय आणि पोटापाण्याचा धंदा झाडांचाच आहे: छाटणी, कीड-रोग, धोकादायक झाडं उतरवणं. बोल्टची पद्धत मी वापरतो आणि मला ती आवडते. चौदा बोल्टचं ओझं दीड किलोच्या आसपास होतं, पिशवीत आवाज होत नाही, आणि बोल्ट काढून नेले की त्या झाडावर कोणी बसतं हे खालून जाणाऱ्याला कळतही नाही. एकाच संचावर पाच-सहा झाडं चालतात. पण तुम्ही निवडलेलं झाड चुकीचं आहे, असं मला वाटतं. त्याची कारणं सांगतो, त्यात बाकीची उत्तरंही येतील.

(भारतात वाचणाऱ्यांसाठी एवढंच: 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे हरणाची शिकार बंद आहे. हे सगळं अमेरिकेतल्या परवान्यावर आणि ठरलेल्या हंगामात होणाऱ्या शिकारीबद्दल आहे.)

सुरुवात परवानगीपासून. शिकारीची परवानगी म्हणजे झाडात भोक पाडायची परवानगी नव्हे, ती वेगळी मागावी लागते. मिशिगनच्या सरकारी जमिनीवर तर प्रश्नच नाही, झाडाच्या सालीतून आत जाणारी कोणतीही वस्तू तिथे चालत नाही. खिळा, स्क्रूची पायरी, बोल्ट, सगळं बेकायदेशीर. संघराज्याच्या नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजमध्ये नियम याहून कडक आहे: माणसाला आधार म्हणून ज्या झाडात धातू ठोकलेला आहे, त्या झाडावरून शिकार करायलाच बंदी आहे, मग तो धातू तुम्ही ठोकलेला असो वा नसो. म्हणजे ही पद्धत फक्त खासगी जमिनीची, आणि तीही मालकाला पुरतं समजावून सांगितल्यावरच.

पुरतं म्हणजे काय, ते मी महागात शिकलो. पहिल्या वर्षी मी एका शेतकऱ्याला विचारलं, "झाडात छोटी भोकं पाडली तर चालेल ना?" तो म्हणाला, चालेल. मी त्याच्या व्हाइट ओकमध्ये पंधरा भोकं पाडली. काही वर्षांनी त्याने ती झाडं विकायला काढली. लाकूड घेणारा आला, बाकीच्या झाडांचे चांगले भाव सांगितले आणि माझ्या झाडापाशी थांबून बोटाने भोकं मोजली. मग त्या झाडाला त्याने सरपणाचा भाव लावला. शेतकरी मला एका शब्दानेही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्याने भोकांना हो म्हटलं होतं, पण त्या भोकांची किंमत मी त्याला सांगितलीच नव्हती. खरं तर तेव्हा मला स्वतःलाही ती कळलेली नव्हती.

ओक, अक्रोड, चेरी अशा झाडाचे बहुतेक पैसे बुंध्याच्या पहिल्या ओंडक्यात असतात. तो साधारण 16 फुटांचा. जाड, सरळ, फांद्यांच्या गाठी नसलेला. व्हिनियर, म्हणजे फर्निचरवर चिकटवायचा लाकडाचा पातळ पापुद्रा, त्यातूनच निघतो, बर्बन व्हिस्कीच्या पिपांच्या फळ्याही व्हाइट ओकच्या अशाच ओंडक्यांतून निघतात. आणि आपल्या पायऱ्या कुठे येतात? जमिनीपासून बरोबर त्याच 16 फुटांत. भोक तीनच इंच खोल असलं तरी त्याच्या वर-खाली लाकूड काळवंडतं. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. लोखंडाशी त्याचा संबंध आला की निळा-काळा डाग पडतो, आणि तो रंध्यानेही जात नाही. लाकूड विकणाऱ्याला हे एका वाक्यात सांगा, मग त्याचं उत्तर ऐका. तुमचा शेताच्या कडेचा जुना ओक त्या घरातल्या कोणाच्या तरी शिक्षणाचा खर्च असू शकतो.

आता झाड मरेल का? निरोगी झाड चौदा भोकांनी बहुधा मरत नाही. पण भोक "भरून येतं" असं जे आपण म्हणतो, ते तसं नसतं. आपली जखम भरते तेव्हा तिथे नवी कातडी येते. झाडाला ते जमत नाही. दुखावलेलं लाकूड ते आयुष्यभर तसंच ठेवतं आणि त्याच्याभोवती भिंती घालतं. अमेरिकन वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं. त्यांनी त्या भिंतींचे चार प्रकार मांडले. सर्वांत कमकुवत भिंत वर-खाली जाणाऱ्या नळ्यांमधली, म्हणून कूज उभी पसरते. सर्वांत भक्कम भिंत जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाच्या सीमेवरची, म्हणून नवं लाकूड सहसा शाबूत राहतं आणि बाहेरून झाड ठणठणीत दिसतं.

यातून आपल्या कामाची गोष्ट अशी: एका भोकाच्या बरोबर वर दुसरं भोक पाडू नका. दोन्हींचे डाग उभे वाढत एकमेकांना मिळतात आणि बुंध्यात एकच लांब कुजका पट्टा तयार होतो. डावी-उजवी करत, दोन रांगांत आठ-दहा इंचांचं आडवं अंतर ठेवलं तरी एका रांगेतली भोकं एकावर एक येतातच. म्हणून प्रत्येक पायरी इंच-दोन इंच आणखी सरकवा. मेपलच्या झाडाला भोक पाडून पाकासाठी रस काढणारे हे पिढ्यानपिढ्या पाळत आले आहेत. नव्या वर्षाचं भोक जुन्याच्या रेषेत ते कधी घेत नाहीत. त्यांचं भोक आपल्यापेक्षा लहान आणि उथळ असतं, आणि फूटभर जाडीच्या झाडाला ते वर्षाला एकच भोक पाडतात. आपण एका दिवसात चौदा पाडतो, हे लक्षात ठेवावं.

आमच्याकडे सिंधुदुर्गात माडावर चढायला खाचा पाडतात, त्याची आठवण तुमच्यापैकी अनेकांना आली असेल. पण माडाची गोष्ट वेगळी. माडाला ओकसारखी दरवर्षी जाड होणारी वलयं नसतात, त्यामुळे त्याची खाच कधी झाकलीच जात नाही, माड असेतोवर उघडी राहते. ओक मात्र दोन-चार वर्षांत भोकावर साल ओढून घेतो, आणि आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. ही झाकलेली साल पाहून अनेक शिकारी "झाडाला काही होत नाही" असं छातीठोकपणे सांगतात. आणखी एक भ्रम: झाड वाढलं की पायऱ्या वर जातील. जात नाहीत. झाड शेंड्याने उंच होतं, बुंध्यावरचं भोक जमिनीपासून जितकं वर होतं तितकंच राहतं. वाढतो तो घेर. म्हणून बोल्ट आत ठेवून दिलात तर दरवर्षी पाय ठेवायची जागा कमी होत जाते आणि शेवटी झाड बोल्ट गिळून टाकतं.

ओकचं वेळापत्रक मात्र चुकवू नका. मिशिगनमध्ये ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग आहे. ताज्या जखमेच्या वासाने लहान भुंगे येतात आणि दुसऱ्या रोगट झाडावरचे बीजाणू सोबत आणतात. रेड ओकच्या जातीतलं झाड त्याच उन्हाळ्यात, काही आठवड्यांत वाळू शकतं. शेजारच्या ओकांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जोडलेली असतात, त्यातून रोग पुढच्या झाडाला जातो आणि तिथून त्याच्या पुढच्या. म्हणजे एका भोकाने शेतकऱ्याची ओकची अख्खी रांग जाऊ शकते. मिशिगनमध्ये 15 एप्रिल ते 15 जुलै ओकला जखम करू नका असं सांगतात. मी त्याच्याही दोन्ही बाजूंना वेळ सोडतो आणि भोकं फेब्रुवारीत पाडतो. तेव्हा भुंगे नसतात, हंगाम संपलेला असतो, पानं नसल्याने हरणांच्या वाटा बर्फात स्पष्ट दिसतात, आणि आवाजाने बुजलेलं हरीण ऑक्टोबरपर्यंत सगळं विसरलेलं असतं.

मग झाड कोणतं? लाकूड म्हणून ज्याला भाव नाही पण जे जिवंत आणि घट्ट आहे, असं. मला सर्वांत आवडते ती पिग्नट हिकरी. गाभा कणखर, साल अंगाला चिकटलेली. हाताच्या गिरमिटाने भोक पाडताना घाम काढते, पण त्यानंतर बोल्ट हलत नाही. शॅगबार्क हिकरी टाळा, तिच्या सालीचे पापुद्रे जॅकेटला लागून करकरतात. आठ-दहा फुटांवर दुभंगलेला किंवा पीळ पडलेला ओकही चालतो, त्याचा बुंधा कोणी विकत घेणार नसतो. अस्पेन, बर्च, विलो कुजीला फार लवकर शरण जातात. पाईनमध्ये राळ बोल्टला धरून ठेवते. अक्रोड आणि शुगर मेपलला हात लावू नका, कारण उघड आहे. आणि अ‍ॅश कधीही नाही. 2002 साली डेट्रॉइटच्या परिसरात एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा सापडला, तेव्हापासून इथले अ‍ॅश उभ्या उभ्या मेले आहेत. वाळलेला अ‍ॅश कसलीही चाहूल न देता तुटतो. मी कामावर असतानाही त्यावर दोर टाकत नाही.

जाडी छातीच्या उंचीवर 12 ते 16 इंच असावी. बारीक झाड वाऱ्यात हलतं, नेम धरता येत नाही. फार जाड झाडाला मिठी बसत नाही, कमरेचा दोर पलीकडून घ्यायला त्रास होतो. तुमच्या जुन्या ओकबद्दल माझी आणखी एक तक्रार इथे येते: त्याची साल. जुन्या ओकची साल इंचभर जाड असते आणि ती वजन पेलत नाही, दाबली की चुरा होते. म्हणून भोकाची खोली सालीच्या आतल्या लाकडापासून मोजायची, आणि बोल्टवरचं वजनही तिथूनच मोजायचं.

हिशोब करून दाखवतो, कारण बोल्ट घेताना इथेच लोक चुकतात. कपडे-बूट-सामानासह तुम्ही 200 पौंडांचे आहात आणि सगळा भार एका पायावर आहे असं धरा. बुटाचा मध्य सालीपासून दोन इंचांवर, साल एक इंच, म्हणजे लाकडापासून तीन इंचांवर भार. लाकडाच्या तोंडाशी बोल्टवर 600 इंच-पौंडांचा वाकवणारा जोर येतो. 3/8 इंचाच्या बोल्टमध्ये त्याने चौरस इंचाला सुमारे 1,16,000 पौंड ताण निर्माण होतो. ग्रेड म्हणजे बोल्टच्या पोलादाच्या ताकदीची प्रत. ग्रेड 8चा बोल्ट 1,30,000च्या आसपास कायमचा वाकायला लागतो, ग्रेड 5चा 92,000ला, आणि साधा ग्रेड 2चा 57,000ला. म्हणजे दुकानातला साधा बोल्ट तुमच्या पहिल्याच पावलाला वाकेल, ग्रेड 5ही वाकेल, आणि ग्रेड 8कडेही फार शिल्लक उरत नाही. पाय घसरून दुसऱ्या पायरीवर आदळलात तर तेवढीही नाही. साल पातळ असेल आणि बूट झाडाला टेकवून ठेवलात तर हाच जोर बराच कमी होतो. वजन जास्त असेल तर अर्ध्या इंचाचा बोल्ट घ्या. तो तेवढ्याच वजनाला जवळजवळ अडीचपट कमी ताणला जातो. भोक मोठं होतं हे खरं, पण माणूस पडण्यापेक्षा झाडाला जरा मोठी जखम मी पत्करतो.

ग्रेड डोक्यावर वाचता येते. ग्रेड 8वर सहा रेघा असतात, ग्रेड 5वर तीन. रेघा नसलेला बोल्ट पायाखाली घेऊ नका. दुसरं म्हणजे आटे. 6 इंचांच्या 3/8च्या बोल्टला टोकाला फक्त एक इंच आटे असतात, बाकी दांडा गुळगुळीत. आट्यांचं टोक झाडात आणि डोकं बाहेर, म्हणजे बूट घसरला तर डोक्याला अडतो. टोकापासून डोक्यापर्यंत आटे पाडलेले बोल्टही मिळतात, ते घेऊ नका. आट्यांच्या खाचेत दांडा बारीक होतो आणि वाकण्याची ताकद अर्ध्यावर येते. हे मी अंगावर घेतलेलं आहे. तिसऱ्या हंगामात दोन बोल्ट हरवले म्हणून घरात पडलेले पूर्ण आट्यांचे दोन त्यांच्या जागी घातले. नोव्हेंबरची पहाट, अंधार, बारा फुटांवर उजव्या पायाखालचा बोल्ट हळूच खाली झुकला. तुटला नाही, नुसता झुकला, आणि बर्फ लागलेला बूट त्यावरून सुटला. कमरेचा दोर झाडाभोवती होता म्हणून मी फूटभर घसरून लटकलो. खालच्या बोल्टच्या डोक्याने मांडी फाटली, सात टाके पडले. दोर नसता तर त्या रांगेतल्या प्रत्येक बोल्टवर आपटत खाली गेलो असतो.

म्हणून बोल्ट कितीही चांगला असला तरी तुमचा जीव दोरावर आहे असंच धरा. पहिल्यांदा भोकं पाडत चढताना अंगभर हार्नेस (खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारे सुरक्षेचे पट्टे) आणि झाडाभोवती कमरेचा दोर असावा, दोन्ही हात कामाला मोकळे. वर पोचल्यावर मचाणाच्या वर एक जीवनदोर बांधून तो जमिनीपर्यंत सोडा आणि त्यावर प्रुसिकची गाठ घाला. ही गाठ हाताने दोरावर सरकते, पण भार आला की घट्ट आवळते. पुढे हंगामभर जमिनीवरून पाय उचलण्याआधी हार्नेस त्या गाठीला अडकवायचा, आणि उतरून दोन्ही पाय जमिनीवर आले की सोडायचा. लोक जास्त करून चढता-उतरताना आणि मचाणावर पाय ठेवतानाच पडतात. म्हणून शेवटचे दोन बोल्ट मचाणाच्या पातळीहून फूटभर वर, शेजारी-शेजारी घ्या, म्हणजे मचाणावर खाली उतरता येतं, वर उडी घ्यावी लागत नाही. लटकायची वेळ आलीच तर पाय हलवत राहा. हार्नेसमध्ये निश्चल लटकल्यावर रक्त पायात साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. पाय ठेवायचा एक पट्टा हार्नेसच्या खिशात कायम असू द्या. धनुष्य अंगावर घेऊन चढू नका, नंतर दोरीने वर ओढा.

भोकाबद्दल आता थोडंच उरलं. बोल्टच्याच जाडीचं गिरमिट घ्या, आणि भोक लाकडात तीन ते साडेतीन इंच जाऊ द्या. गिरमिटावर सालीची जाडी धरून तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. बोल्ट हाताने, जरा पिळत आत गेला पाहिजे. हातोडी लागत असेल तर भोक साफ करून पुन्हा फिरवा, सैल असेल तर ती जागा सोडून द्या. दोन पायऱ्यांत उभं अंतर 15-16 इंच, जाड कपड्यांत गुडघा त्याहून वर जात नाही. 16 फुटांपेक्षा वर जायची गरज मला कधी वाटली नाही. जितकं उंच जाल तितका बाण वरून खाली जातो आणि दोन्ही फुप्फुसांतून पार होणं अवघड होतं. हरीण जखमी होऊन पळालं तर उंचीचा काय उपयोग?

कोनाबाबत झाड आणि माणूस यांचं जमत नाही. बोल्ट घसरून बाहेर येऊ नये म्हणून भोक आतल्या बाजूला किंचित खाली उतरतं हवं, म्हणजे बोल्टचं डोकं थोडं वर. झाडाला मात्र याच्या उलट हवं असतं. मेपलवाले भोक आत किंचित चढतं घेतात, त्यामुळे पाणी आणि रस बाहेर वाहून जातो. आपल्या भोकात पाणी साचतं आणि कुजीला मदत होते. मी इथे माणसाची बाजू घेतो, पण कोन पाच अंशांच्या पुढे नेत नाही. तेवढा पुरतो. भोकावर रंग, डांबर, सिलिकॉन काही फासू नका, शिगोंच्या कामानंतर आमच्या धंद्यात ते बंदच झालं. मुंग्या आणि गांधीलमाश्या आत शिरतात, म्हणून सप्टेंबरमध्ये जाड तार घालून भोकं साफ करा. गांधीलमाशी हातावर चावली तर हात सुटतो, आणि ते जमिनीवर नव्हे, दहा फुटांवर घडतं.

शेतकऱ्याकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा फोनवर विचारू नका, त्याला झाडापाशी घेऊन जा. बोल्ट हातात द्या, भोक कुठे-कुठे येणार ते खडूने दाखवा, आणि या झाडाचा पहिला ओंडका नंतर विकता येणार नाही हे स्पष्ट सांगा. तो कदाचित त्याच रानातलं दुसरं झाड दाखवेल. माझ्या अनुभवात शेतकऱ्याने दाखवलेल्या झाडाखालून हरणं आपण निवडलेल्यापेक्षा जास्त जातात, तो तिथे रोज असतो. त्याने नाही म्हटलं तर पट्ट्यांच्या शिड्याच घ्या. सांध्यांवर आणि कडांवर कापडी चिकटपट्टी गुंडाळली की खणखणाट निम्म्याहून जास्त कमी होतो.

आणि हंगाम संपल्यावर बोल्ट काढताना मोजून काढा. चौदा घातले असतील तर चौदा हातात आले पाहिजेत. एखादा बर्फाने धरला असेल तर पकडीने पिळून काढा, नाहीतर आठवडाभराने परत जा. झाडाने गिळलेला ग्रेड 8चा बोल्ट वीस वर्षांनी कोणाच्या तरी चेनसॉला किंवा करवतीच्या पात्याला लागतो, आणि त्या पात्यासमोर तेव्हा एक माणूस उभा असतो. मी बोल्टच्या पिशवीवर आकडा लिहून ठेवला आहे आणि गाडीत बसण्याआधी तो जुळवतो.

दुसरं झाड ठरलं की त्याची जात, छातीच्या उंचीवरचा घेर आणि सालीची जाडी कळवा. बोल्टची लांबी त्यावरून सांगतो.